घडीची काठी

मिरच्यांचा ठसका लागला की माझी जीभ आपोआप पडलेल्या दाताच्या जागी जाते. मला समोरचं थोडं दिसतं, पायाजवळचं नाही. म्हणून पांढरी काठी घेतली, तीही घडीची, पिशवीत लपवता यावी म्हणून. कुंभार पिंपळगावच्या बाजारात ती तशीच लपवून चाललो होतो आणि एका बाईच्या लाल मिरच्यांच्या ढिगात पाय गेला. "दिवसाढवळ्या पेऊन आला मुडदा!" ती ओरडली, तसं शेजारच्या दुकानदारानं गचांडी धरून माझ्या मुस्काटात मारली. "पेलो न्हाई, मला दिसत न्हाई," म्हणत मी पिशवीतून काठी काढली, तर ती खटखट करत उघडली. "हत्यार काढलं रे!" कुणीतरी बोंबललं. मग लाथा, बुक्क्या, तोंडात रक्त आणि तिखट. शेवटी त्या बाईनंच काठी उचलून पाहिली आणि किंचाळून सगळ्यांना मागं सारलं. "आधी काहून न्हाई दाखवली, दादा?" मी दात थुंकला. आता माझी काठी सरळसोट आहे, कुठल्याच पिशवीत मावत नाही. जीपमध्ये ती लोकांच्या गुडघ्यांना लागते, लोक शिव्या देतात. देऊ द्या. शिव्यांनी दात पडत नाही.