जुन्या पेनीची बेचाळीस यंत्रं

यंत्रं माझ्या हातचं ऐकतात, असं मी वीस वर्षं मेबलथॉर्पच्या किनाऱ्यावर भेटेल त्याला सांगत होतो. कोणी विचारलेलं नसायचं. माझं नाव डेस्मंड गार्बट, काम खेळाच्या यंत्रांची दुरुस्ती. शिक्षण म्हणाल, तर लष्करात असताना एक सायकल पूर्ण उघडून पुन्हा जोडली होती. तीन स्क्रू उरले, पण सायकल चालली.

मी मिसेस हॅक्सबींच्या खेळघरात नोकरीला होतो. समुद्रासमोरचा लांबट हॉल आणि त्याच्या भिंतींवर ओळीनं टांगलेली बेचाळीस लाकडी यंत्रं. फटीत पेनी टाकायची की पोलादी गोळी सुटते, मग खटका मारून ती गरगर फिरवायची. नेमक्या खाचेत पडली तर दोन पेनी परत, नाहीतर तुमची पेनी हॅक्सबीबाईंची. बाई सुट्ट्या पैशांच्या काचेच्या खोलीत विणत बसलेल्या असायच्या आणि सुईवरची नजर न काढता कुठलं यंत्र अडलंय ते सांगायच्या.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत देशाचे पैसे बदलले; पौंडाच्या दोनशे चाळीस जुन्या पेन्यांच्या जागी शंभर नवे पेन्स आले. जुनी पेनी म्हणजे हातात घेतली की वजन कळेल असं टपोरं नाणं. तिच्या जवळपास जाणारं नव्यातलं नाणं दोन पेन्सचं, पण तेही लहान आणि हलकं. आमच्या शेजारच्या दोघांनी आपली जुनी यंत्रं वाळूवर नेऊन सरळ जाळली आणि विजेची घेतली. त्यांना ती विकणारा विक्रेता आमच्याकडेही आला. बाईंनी त्याला चहा पाजला आणि मला बोलावलं.

"डेस्मंड, ही यंत्रं नवं नाणं घेतील का?"

"ईस्टरपर्यंत घ्यायला लावतो. बेचाळीसच्या बेचाळीस."

"लिहून देतोस?"

"देतो की."

"नको. तुझं अक्षर मला लागत नाही," असं म्हणून त्यांनी विक्रेत्याला वाटेला लावलं.

माझ्या मते काम अगदी सोपं होतं. फट मोठी, नाणं लहान, मग फट लहान करायची. पहिल्या यंत्राच्या फटीला मी पितळी पट्टी बसवली आणि त्याच दुपारी गावातल्या चार प्रतिष्ठितांना पाहायला बोलावलं. थांबायला हवं होतं, पण मला कौतुकाची घाई होती. पहिला मान पाद्रीबाबांचा, रेव्हरंड स्टोक्स यांचा. त्यांनी नाणं टाकलं. गोळी सुटलीच नाही. आतून खडखडाट झाला आणि यंत्रानं पोटात होतं नव्हतं ते सगळं खालच्या वाटीत ओकलं.

झालं होतं असं, की आत नाण्यांची चळत राहते ती नळी जुन्या पेनीच्या मापाची. मी आत भरून ठेवलेली नवी नाणी तिच्यात तिरकी झाली आणि एकावरून एक घसरत बाहेर आली. मी फटीचा विचार केला, नळीचा केलाच नव्हता. म्हणजे दाराला नवी चौकट बसवली आणि घराला तळ आहे का ते पाहायचंच राहिलं.

पाद्रीबाबा लाजून लाल झाले. "मी तर खेळलोही नाही," असं म्हणत त्यांनी नाणी हॅटमध्ये भरली. "चर्चचं छप्पर गळतंय. देवाचीच योजना दिसते."

"देवाची नाही, डेस्मंडची आहे," काचेमागून बाई म्हणाल्या.

मग मी नळ्यांच्या आत बसतील अशा पितळी नळ्या कातायला घेतल्या. कामाचा दर्जा म्हणाल तर घड्याळजीनं मान डोलवावी असा. वेग मात्र आठवड्याला एक. तीन आठवड्यांत तीन नळ्या झाल्या. या हिशोबानं ईस्टर यायचा होता, पण पुढच्या वर्षीचा.

त्यात घरी स्वयंपाकघरातलं सिंक महिनाभर गळत होतं. "मी मोठ्या कामात आहे," असं मी बायकोला, हिल्डाला, सांगत होतो. शेवटी तिनं टेड ब्लेड्स या प्लंबरला बोलावलं. तो पाइप कापत होता, मी टेबलापाशी माझी तिसरी नळी पुसत बसलो होतो. हिल्डानं पाइपचा कापलेला तुकडा उचलला, माझ्या पुढ्यातलं दोन पेन्सचं नाणं त्यात सोडलं आणि ते दुसऱ्या टोकानं तिच्या तळहातावर अलगद उतरलं. तिनं ते पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदाही.

"डेस, हे बघितलंस?"

"हिल्डा, तो पाण्याचा पाइप आहे," मी शक्य तितक्या समजूतदारपणे म्हणालो.

"हो का? मला वाटलं ट्रंपेट आहे."

दोन तास मी माझ्या स्वाभिमानाशी झगडलो. मग टोपी घालून टेडच्या दुकानात गेलो आणि वीतभर लांबीचे एकोणचाळीस तुकडे निघतील एवढा तसलाच पाइप मागितला. टेडनं पेन्सिल कानामागं ठेवली.

"डेस्मंड, घरात किती सिंक आहेत रे तुझ्या?"

पाइप त्यानं बरोबर मोजून दिला. एक तुकडा मी चुकीच्या लांबीला कापला, म्हणून अडतीसच झाले. पण हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. नळ्या पक्क्या बसाव्यात म्हणून विमानाच्या कारखान्यात वापरतात तसला चिकट मसाला भरला. "आता प्रलय आला तरी निघणार नाहीत," असं चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकवलं.

नळ्या बसल्या. तरी गोळी सुटेना. नाणं पडतं तिथं तराजूसारखी एक दांडी असते. नाण्याच्या भारानं ती झुकते आणि गोळी मोकळी होते. नवं नाणं हलकं, म्हणून दांडीला जोर द्यावा या विचारानं मी तिला शिशाचे तुकडे जोडत होतो. जितके जोडावेत तितकी ती जास्तच हटून बसायची.

मिस एडना स्पर रोज सकाळी यायच्या. मटारच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पट्ट्यावरचे दाणे निवडले होते. डोळे आता अधू झाले होते. खिडकीजवळच्या एकाच यंत्रावर त्या खेळायच्या, आणि तेही कानानं. त्या दिवशी माझ्यामागे उभ्या राहून त्या बराच वेळ ऐकत होत्या.

"बाळा, हे जड झालंय."

"हलकं झालंय, मिस स्पर. नाणं हलकं आहे ना."

"नाणं नाही रे, दांडी. आधी ती 'हं' करून खाली जायची. आता कण्हतेय. शेपटीला काय बांधलंयस तिच्या?"

मी वाकून पाहिलं. सगळं शिसं मी दांडीच्या उलट्या टोकाला लावलं होतं. नाण्याला मदत करायची सोडून बारा दिवस मी त्याच्याविरुद्ध वजन टाकत होतो. शिसं काढलं, मूळचं वजनही थोडं घासलं, नाणं टाकलं. गोळी सुटली.

"हं," मिस स्पर म्हणाल्या. "पुढचं."

एकेका यंत्रापाशी आम्ही दोघं फिरलो. मी घासायचो, त्या ऐकायच्या. "अजून." "अजून." "बास, आता हात काढ." वीस वर्षं यंत्रं माझ्या हातचं ऐकत असतीलही, पण मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं, हे मला त्या चार दिवसांत कळलं. टपरीवर मात्र ते मी बोललो नाही.

ईस्टरला एक्केचाळीस यंत्रं सुरू झाली. एकही अडलं नाही. बेचाळिसावं मिस स्परचं. त्याच्यासाठी पाइपच उरला नव्हता. बाईंना मी म्हणालो, "एक मुद्दाम जुनं ठेवलंय, आठवण म्हणून." बाईंनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की विणकामातला एक टाका सुटला. मग त्यांनी गल्ल्यातल्या जुन्या पेन्यांची थाळी त्या यंत्राशेजारी ठेवली. नव्या दोन पेन्सला चार जुन्या.

दुपारपर्यंत त्या एका यंत्रापुढे रांग लागली. नव्या नाण्याला एकच खेळ, इथं तेवढ्यात चार, आणि वर ती टपोरी पेनी पुन्हा हातात. आजोबा नातवंडांना उचलून दाखवत होते. माझी एक्केचाळीस यंत्रं भिंतीवर निमूट टांगलेली होती. अख्ख्या हॉलमध्ये लोकांना आवडलं ते एकच, ज्याला मी हात लावला नव्हता.

सोमवारी बाईंनी मला काचेपाशी बोलावलं. "डेस्मंड, दहा यंत्रं परत जुन्या पेनीची कर."

"करतो की."

"नळ्या सहज निघतील ना?"

विमानाच्या मसाल्याबद्दल बाईंनीही ऐकलेलंच होतं.

नळ्या निघायला पाच दिवस लागले. टेड त्याची भट्टीसारखी फुंकणारी बत्ती घेऊन आला आणि प्रत्येक नळी तापवताना इतका हसला की दोनदा बत्ती विझली. हिल्डा डब्यात सँडविच घेऊन यायची आणि बघत बसायची. एका यंत्राची चौकट थोडी जळली. तो डाग मी समुद्रकिनाऱ्याचं चित्र चिकटवून झाकला, तर ते चित्र उलटं लागलं.

दहावं यंत्र भिंतीवर चढलं तेव्हा मिस स्परनी त्यात एक पेनी टाकली, कान लावला आणि खटका मारला. गोळी फिरून खाचेत पडली आणि दोन पेन्या वाटीत आल्या. त्यांतली एक त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"घे, तूही खेळ एकदा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसतं उघडून बघतोयस."

मी खेळलो. हरलो.