ईशाचा डावा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिले तरी मनात दुसरंच काहीतरी बोलून परत येते. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, तिलाही ओळखत नाही — त्यामुळं असेल.

ईशाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. म्हणजे, एक अर्धं कापावं लागलं आणि दुसरं वाकत नाही. गाळ्याचं शटर माझ्या हातातून सुटलं आणि तिच्या हातावर पडलं, असं सगळ्यांना माहीत आहे. तिच्या घरच्यांना, कॉलेजातल्या पोरांना. तिलाही.

शटर सुटलं नव्हतं.

थांबा. आधीचं सांगते. आधीचं सांगून माझं केलेलं लहान होईल, असं मला वाटत नाही. पण नुसतं तेवढंच सांगायचं तर माझी जीभ वळत नाही.

माझं गाव कवठे महांकाळच्या पुढं, माळावर. आम्ही धनगर. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, वडिलांनी जमीन धरली, तरी घरामागं मेंढरं होतीच. लहानपणापासून मला दांडगं मेंढरू आडवं पाडता येतं. लोकर कातरताना धरायचं, कापताना धरायचं, ते माझंच काम. त्यामुळं हातांत ताकद होती, आणि हाड मोडताना कसा आवाज येतो तेही माहीत होतं. हे मुद्दाम सांगते आहे. मी अजाण होते असं तुम्हाला वाटू नये.

बारावीनंतर साताऱ्याला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि मी बी.एस्सी.ला गेले. पहिल्याच आठवड्यात वर्गात मी म्हणाले, "सर, मी आलो न्हाई काल." वर्ग हसला. आमच्याकडं बायका स्वतःला 'मी आलो, मी जातो' असंच म्हणतात. एका मुलीनं मागून विचारलं, "तू मुलगा आहेस का?" त्या दिवसापासून मी बोलणं कमी केलं. आता लिहिताना मी 'आले, गेले' लिहिते आहे. आईशी बोलताना अजून 'आलो'च येतं.

ईशा माझ्या बाकावर बसायची. साताऱ्यातलीच, आई शिक्षिका, वडिलांचा कसलासा व्यवसाय. केस खांद्यापर्यंत कापलेले, नखं काळी रंगवलेली, पाठीला गिटार. तिनंच मला तिच्या टोळक्यात नेलं. पोवई नाक्यापासून जरा आत नानाकाका म्हणून एक म्हातारा माणूस जुने स्पीकर दुरुस्त करायचा. त्याच्या गाळ्याच्या मागच्या अर्ध्या भागात ही पोरं जमायची. तन्मय नावाचा मुलगा लॅपटॉपवर बीट बनवायचा आणि रॅप म्हणायचा, ईशा गिटार वाजवायची, बाकीचे माना हलवायचे. नानाकाका पुढं बसून सोल्डरिंग करत राहायचा. त्याला त्या संगीताचं काही नव्हतं, पोरं आली की त्याला बरं वाटायचं.

मी एका उलट्या खोक्यावर बसायचे. ते ज्या गाण्यांची नावं घ्यायचे ती मी ऐकलेली नसायची. रात्री वसतिगृहात शोधून ऐकायचे, दुसऱ्या दिवशी ते नवीनच कुणाबद्दल बोलत असायचे. ते हसले की मी हसायचे — एक क्षण उशिरा. तन्मयच्या गाण्यांत सारखं कुणाला तरी फोडलेलं असायचं, कुणाचा तरी जबडा तुटलेला असायचा. त्यानं आयुष्यात कुणाला चापट मारली नसेल. मला वाटायचं, याला एकदा आमच्या घरी न्यावं. माझे वडील आईला कशानं मारतात ते याला दाखवावं. मग बघू किती जोरात म्हणतो.

ते मला 'गाव' म्हणायचे. "गाव, चार्जर दे." "गाव, चहा सांग." मी द्यायचे, सांगायचे. ईशा त्यांना एकदाही बोलली नाही. पण ती मला सोबत न्यायची, माझ्यासाठी डब्यात जास्तीची पोळी आणायची, हेही खरं आहे. ती वाईट होती असं मी म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं, नाही?

एका दुपारी मी गाळ्याच्या मागच्या खिडकीखाली उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. वडिलांनी तिला दाव्यानं मारलं होतं. पाठ सोलली होती, पालथं झोपावं लागत होतं. ती रडत होती आणि मी म्हणत होते, "आये, रडू नगंस. मी येतो. मी येतो गं. आज न्हाई जमलं तर उद्या येतो." माझाही आवाज फाटला होता. आत ईशा फोनवर गिटार रेकॉर्ड करत होती. खिडकी उघडी होती. माझा आवाज त्यात गेला — आईचा नाही, फक्त माझा.

मी गावी जाऊन आले. वडिलांना काही बोलले नाही. आईची पाठ शेकली, भाकरी केल्या, वडिलांनाही वाढल्या आणि परत आले. हे लक्षात ठेवा हवं तर. जिथं हात उचलायचा होता, तिथं मी उचलला नाही.

मग कॉलेजचं गॅदरिंग आलं. ईशा म्हणाली, पुढच्या रांगेत बस, तुझ्यासाठी गंमत आहे. दिवे गेले, बास सुरू झाला — तो बास छातीवर बुक्क्या मारल्यासारखा लागतो, तुम्हाला माहीत असेल. आणि त्याच्यावर माझा आवाज आला. "मी येतो. मी येतो गं. मी येतो. मी येतो गं." कापून, जोडून, पुन्हा पुन्हा. तन्मयनं माईक पोरांकडं धरला आणि सगळं सभागृह उड्या मारत ओरडायला लागलं. ईशानं स्टेजवरून माझ्याकडं बोट दाखवलं. ती हसत होती. तिला खरंच वाटत होतं की ती मला काहीतरी देते आहे.

नंतर मिठी मारून म्हणाली, "बघ, फेमस झालीस. काय रॉ आवाज आहे तुझा. मुद्दाम सांगितलं नव्हतं, सरप्राइज."

मी म्हणाले, "भारी झालं."

बाकी काय म्हणणार होते? माझी आई मार खाऊन रडत होती, असं त्या गर्दीत सांगू? सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं. ते मला बोलता आलं नाही, आणि त्याची भरपाई मी भलतीकडून करून घेतली.

त्यानंतर कॉरिडॉरमध्ये, कॅंटीनमध्ये, वसतिगृहाच्या जिन्यावर, कुणीही मला बघितलं की म्हणायचं — मी येतो गं. मला जेवण जाईना. दात इतके आवळून झोपायचे की सकाळी जबडा दुखायचा. डोळे मिटले की मी कुणाचं तरी डोकं स्पीकरवर आपटते आहे असं दिसायचं. कधी तन्मयचं. वडिलांचं कधीच नाही. बहुतेक वेळा ईशाचं.

तो दिवस साधाच होता. दुपारची वेळ, नानाकाका जेवायला घरी गेलेला, तन्मय आणि बाकीचे आधीच निघालेले. गाळा बंद करून आम्ही दोघी निघणार होतो. ईशा बाहेरच्या पायरीवर बसून फोन बघत होती, माझ्याकडं पाठ करून. उजव्या हातात फोन. डावा हात मागं, उंबऱ्यावर टेकलेला. मी तिच्या मागं, पायरीच्या कडेला उभी राहून आकडीनं शटर ओढत होते. ते शटर मध्ये एका जागी अडायचं, तिथं हिसका द्यावा लागायचा.

ती गुणगुणत होती. तेच. मी येतो, मी येतो.

मी हात बघितला. काळी नखं, मधल्या बोटात अंगठी. बाजूला घे म्हणायला वेळ होता. भरपूर वेळ होता. मी हिसका दिला.

बरीच वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आले — की रागात हिसका बसला. एक क्षण होता, गेला. पण तेवढंच नाही.

शटर पडल्यावर ती ओरडली. तो आवाज माणसाचा नव्हता. आणि मी शटर उचललं नाही. मी खालच्या पट्टीवर पाय दिला. उजवा पाय, चप्पल घातलेला. अंगाचा सगळा भार टाकला. खाली काहीतरी मोडलं, ते मला तळपायाला कळलं. ती डोकं आपटत होती, मोकळ्या हातानं शटर ओढत होती, माझं नाव घेत होती — "सारिका, उचल, सारिका." ती मलाच मदतीला बोलावत होती. तिनं डोळे घट्ट मिटले होते, तिला माझा पाय दिसला नाही. आणि मला — हेच लिहायचं होतं, इथवर यायला इतकं लिहावं लागलं — मला बरं वाटत होतं. छाती मोकळी झाली होती. कित्येक दिवसांनी पोटभर श्वास आला.

समोरचा टपरीवाला पळत यायला लागला तेव्हा मी पाय काढला आणि शटर वर केलं.

मग मी सगळं नीट केलं. ओढणी फाडून हात बांधला, रिक्षा थांबवली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखान्यात तिच्या आईनं मला पोटाशी धरलं. "तू होतीस म्हणून," म्हणाली. माझ्या कपड्यांवरचं रक्त बघून तिनं मला स्वतःचा ड्रेस घालायला दिला. मी तो घातला.

दुसऱ्या दिवशी ईशाचे वडील गाळ्यावर आले. गाळा दाखवायला मला सोबत नेलं होतं. त्यांनी नानाकाकाची कॉलर धरली आणि भर रस्त्यात त्याच्या कानाखाली मारली. म्हाताऱ्याचा चष्मा गटारात गेला. परत मारली. भंगार शटर ठेवून पोरीबाळींचे हात तोडतोस काय, असं काहीतरी ओरडत होते. नानाकाकाच्या नाकातून रक्त आलं. तो म्हणत होता, "आवं साहेब, शटर चांगलं हाय. परवाच तेल घातलंय. अडतंय, पर सुटत न्हाई ते. ह्या पोरीला इचारा की. रोज तीच लावती."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "एकदम सुटलं."

किती शुद्ध बोलले. एकही अक्षर चुकलं नाही. नानाकाकानं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटतं त्याला कळलं होतं. त्या माणसानं आयुष्यभर ते शटर उघडलं-लावलं होतं, त्याला कळणार नाही? पण तो खाली वाकून गटारात चष्मा शोधायला लागला. गाळामालकानं त्याला महिन्याभरात काढलं. तो कुठं गेला ते मी कधी विचारलं नाही.

आणि मला काय मिळालं? सगळं मिळालं. त्यानंतर मला कुणी 'गाव' म्हटलं नाही. मी ईशाला वाचवलेली मुलगी झाले. मी तिच्या वह्या लिहून दिल्या, तिला जेवू घातलं, तिची गिटार विकायला तन्मयसोबत मीच गेले. पदवी झाली तेव्हा आमच्या फोटोत मी मधोमध आहे, दोन्ही बाजूंनी गळ्यात हात. साताऱ्यात मला जे हवं होतं, ते ईशाच्या बोटांच्या बदल्यात मिळालं.

आता मी सांगलीत असते. नवरा शिक्षक आहे, मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. ईशा बँकेत लागली. आम्ही बोलतो. मागच्या महिन्यात ती दोन दिवस माझ्याकडं राहायला आली होती. जेवताना माझ्या नवऱ्यानं सहज तिच्या हाताबद्दल विचारलं. तिनं सगळी हकिगत सांगितली, शटर कसं सुटलं, मी कशी धावले. सांगताना माझ्या पाठीवर हात फिरवत होती, तोच हात. नवरा कौतुकानं माझ्याकडं बघत होता. मी दोघांना भात वाढला.

सकाळी तिला लवकर निघायचं होतं. आता तिनं केस वाढवलेत, पण त्या हातानं तिला वेणी जमत नाही. माझ्यापुढं पाट ओढून बसली. मी वेणी घातली.

"जरा सैल घाल की," ती म्हणाली. "दुखतंय."

मी ऐकलं. केस माझ्या मुठीत होते, तिची मान माझ्याकडं ओढलेली होती, आणि मी ते लगेच सैल केले नाहीत. तिनं परत सांगितलं, तेव्हा केले.