माझ्या न ठरलेल्या लग्नाची पत्रिका

थांबा, बाकीची कामं नंतर करा, हे मला आत्ताच सांगायचंय, कारण नंतर सांगितलं तर तुम्ही म्हणाल मी मीठमसाला लावला.

गेल्या महिन्यात पप्पांच्या व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल आली. नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून. आमच्याकडे पत्रिका आली आणि उघडली नाही, तर माणूस माजला असं धरतात. पप्पांनी उघडली. फोनने विचारलं, हे ॲप अनोळखी आहे, टाकू का? हो. मेसेज वाचू देऊ? हो. कॉन्टॅक्ट बघू देऊ? हो. मी नंतर विचारलं, पत्रिकेला मेसेज कशाला वाचायचे असतात? पप्पा म्हणाले, “इतकं विचारतंय म्हणजे मोठ्या घरचं लग्न असेल.”

पत्रिका उघडली तर कोरी. आणि लगेच तीच फाइल पप्पांच्या नंबरवरून त्यांच्या सगळ्या ओळखीच्यांना गेली. आता पप्पांना मुलगी एकच, ती मी. दुपारपर्यंत मला चौदा जणांनी अभिनंदन केलं. एकीने साडीचा रंग विचारला.

तेही चाललं असतं. पण यादीत फुई होती. फुई म्हणजे पप्पांची मोठी बहीण, खांडबाऱ्याला असते. काकांच्या मुलाच्या लग्नात पप्पांनी तिची पत्रिका स्वतः न नेता कुणाच्या तरी हाती पाठवली होती, आणि तेवढ्यावरून दोन वर्षं अबोला. या भाऊबीजेलाच ती पुन्हा आली होती. पप्पांनी त्या दिवशी तिच्यासाठी नवीन शर्ट घातला होता. ते नवीन शर्ट कधीच घालत नाहीत.

फुईचा फोन मला आला, पप्पांना नाही.

“मन्हा भाऊनी पोरनं लगीन शे, आनि माले मोबाईलमा पत्रिका? ती बी कोरी? नवरदेवनं नाव बी लपाडं?”

“फुई, लगीन नहीच शे. ते खोटं ॲप शे.”

“माले बलावानं नव्हतं तं तोंडवर सांगी देतात.” आणि कट.

पप्पा खुर्चीत बसून राहिले. मी त्यांचा फोन घेतला. आधी नेट बंद केलं. ॲप शोधलं तर स्क्रीनवर चिन्हच नाही. सेटिंगमध्ये सगळ्या ॲपची यादी काढली, तिथे एक बिननावाची रिकामी ओळ होती. अनइन्स्टॉलचं बटण दाबता येईना, कारण त्या ॲपने स्वतःला फोनचा ॲडमिन करून घेतलेलं. तो हक्क काढायला गेलं की स्क्रीन आपोआप मागे. मग बंद करायचं बटण दाबून धरलं, ‘पॉवर ऑफ’वर बोट ठेवून राहिले, आणि फोन सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात बाहेरून टाकलेली ॲप झोपलेली असतात. तेव्हा कुठे ॲडमिनचा हक्क काढला आणि ते उडवलं. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवलं, पासवर्ड बदलले.

पप्पा म्हणाले, “फुईच्या मनातून पण काढता येतं का?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं खांडबाऱ्याला. फुईने दार उघडलं, मला म्हणाली, “ये बेटा.” पप्पांना काहीच नाही. ते ओट्यावरच बसले, चप्पल घालून, म्हणजे निघायला सोपं.

आत फुईचा फोन थांबतच नव्हता. तिने ती फाइल उघडली होती ना! आता तिच्या नंबरवरून पत्रिका तिच्या सगळ्या सासरच्यांना गेलेली, आणि फुईला मुलगा एकच, लग्नाचा. मोठी नणंद, दोन जावा, नवापूरचे मामेसासरे, सगळे आळीपाळीने भडकलेले.

“लगीन नही शे हो वन्स,” फुई फोनवर सांगत होती. “मोबाईल बिघडी गया.” पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फुईने वळून माझ्याकडे बघितलं. आदल्या दिवशी तिने मला जे सुनावलं होतं, तेच बहुतेक.

मग ती दारात गेली. फोन पुढे केला.

“भाऊ, तूच सांग यास्ले. मन्हं कोनी ऐकी नही ऱ्हायनं.”

पप्पांनी चप्पल काढली आणि आत आले. मला आधी ॲप काढायचं होतं, पण कॉल संपतच नव्हते. पप्पा प्रत्येकाला सांगत होते की पोराचं ठरलं तर मामा म्हणून मी स्वतः पत्रिका घेऊन तुमच्या दारात येईन. नणंदेला हे तीनदा सांगावं लागलं. फुई शेजारी बसून “व्हय, येई तो, येई” म्हणत होती.

दीडच्या सुमारास फोन माझ्या हाती आला आणि मी तो सेफ मोडमध्ये टाकला. तोपर्यंत फुईने पप्पांना न विचारता त्यांचं ताट वाढलं होतं.

माझं लग्न अजून ठरलेलं नाही. तुमच्या घरी आली होती का हो अशी कोरी पत्रिका? आणि तुमच्याकडे कोण रुसलं होतं?