साहेबांच्या भाकरीतली टरफलं

माकणीच्या गोदाआत्यांनी घरात थेंब न ठेवता सगळं दूध डेअरीला घातलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. अलीकडे भूममधल्या माझ्या शेजाऱ्यांमुळे मला त्या वारंवार आठवतात.

शेजारी एसटीतले निवृत्त कंडक्टर, गळ्यात माळ. मी ऑम्लेट केलं की त्यांची खिडकी बंद होते. कुत्र्याच्या पिल्लाला ते ‘साहेब’ म्हणतात. “साहेब, पुढं सरका,” म्हणत त्याच्यापुढे वरण-भाकरी ठेवतात. घरात दुसरं काही शिजत नाही, त्यामुळे साहेबही माळकरी.

मध्यंतरी पिल्लाचे पुढचे पाय वाकले. कॅल्शियम कमी पडतंय, असं गुरांचे डॉक्टर म्हणाले. औषध पिल्लू ओकून टाकायचं, तेव्हा त्यांनी अंड्याच्या टरफलांची पूड भाकरीत कालवायला सांगितली.

संध्याकाळी शेजारी डबा घेऊन माझ्या दारात उभे, नजर भिंतीकडे.

“गुरुजी, टरफलं फेकू नका. वट्यावरच उकळून कुटीन, घरात न्हाय न्यायचा.”

“आणि तुमचे दुखरे गुडघे? तुमच्या डॉक्टरांनी तुम्हालाही दूध प्यायला सांगितलंय, ते कुठं पिता?”

“आमाला दुखलं तर सांगता येतंय. त्याला कुठं बोलता येतंय?”

आता साहेब अंगणभर पळतात. खिडकी मात्र अजून बंद होते.

गोदाआत्यांना बोलता येतं, पण हाडं ठिसूळ होऊन मनगट मोडेपर्यंत त्या दुखण्याचं काही बोलल्या नाहीत. फोनवर विषय बदलतात, म्हणून पत्र टाकलं:

“आत्या, धार काढली की आधी पेलाभर तुम्ही प्या, मग उरलेलं डेअरीला घाला. मी आता कमावता झालोय.”