शेवे घराण्यातला धाकटा

बंगळूरच्या चामराजपेटेत इंदुमती शेवे यांना सगळे 'कवळीवाल्या अक्का' म्हणतात. वय एकोणसत्तर, पण आसपासचे दोन-तीन दातांचे डॉक्टर अजून त्यांच्याकडूनच कवळ्या करून घेतात. आडनाव ऐकून नवा माणूस हमखास विचारतो, "तुम्ही साताऱ्याकडच्या का?"

"अंहं, स्वल्प लांबच्या," अक्का म्हणतात. "चीनच्या."

समोरच्याला थट्टा वाटते, पण ते खरं आहे. त्यांचे आजोबा श्वे वेनशान शंभरेक वर्षांपूर्वी हुबेई प्रांतातून गावोगाव दात बसवत बंगळूरला आले. शेजारच्या मराठा घरातल्या सकवारबाईंशी त्यांनी लग्न केलं. बाईंच्या माहेरच्यांनी दोन वर्षं तोंड फिरवलं, मग नातू झाल्यावर तेच बारशाला आले. त्या नातवाच्या शाळेत मास्तरांनी 'श्वे'चं 'शेवे' केलं. घरात मराठीच राहिली.

आजोबा अठ्ठावन्न साली वारले. चार वर्षांनी चीनशी लढाई झाली, तेव्हा अक्कांच्या बाबांनी भीतीपोटी घरातली झाडून सगळी चिनी कागदपत्रं बंबात घातली. आपलं मूळ गाव कुठलं, हे सांगणारं मग कोणी उरलं नाही.

गेल्या वर्षी अक्का नेहमीप्रमाणे आजोबांच्या थडग्यावर फुलं घालायला निघाल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरची भाडेकरू निधी सोबत गेली. ही पुण्याची, इंदिरानगरातल्या एका कंपनीत नोकरीला. दगडावरच्या चिनी अक्षरांचा तिनं फोटो काढला आणि शांघायच्या ऑफिसातल्या लिन नावाच्या सहकारी मुलीला पाठवला. तासाभरात उत्तर आलं.

"अक्का, ती म्हणते, अशा दगडांवर माणसाचं गाव लिहायची पद्धत असते. उजवीकडची ओळ गावाचीच असणार. पण अक्षरं इतकी झिजलीत की तिला लागत नाहीयेत."

अक्का बघतच राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी गावाच्या नावालाच हार घालत होते?"

दुसऱ्या दिवशी त्या कवळीचं सामान घेऊन तिथं गेल्या. दगड ब्रशनं घासला, गुलाबी मेणाचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून त्या ओळीवर अंगठ्यानं दाबत गेल्या. हिरड्यांचं माप घ्यावं तसंच. घरी येऊन त्या मेणात प्लास्टर ओतलं, वाळल्यावर वरून कोळशाची पूड चोळली. सहा अक्षरं स्पष्ट उमटली. त्यातली शेवटची तीन गावाची होती. लिननं ती वाचली, 'श्वे-ज्या-वान'. नदीच्या वळणावरचं श्वे लोकांचं गाव.

ते गाव आता जवळच्या शहरात मिसळून गेलं होतं, पण श्वे घराण्याची वंशावळ तिथल्या लोकांनी जपली होती. लिननं तिथं चौकशी केली आणि तीन आठवड्यांनी त्यातल्या एका पानाचा फोटो आला. लिननं केलेलं भाषांतर निधीनं मराठीत वाचून दाखवलं, "वेनशान. तरुणपणी परदेशी गेला. युद्धात पत्रं थांबली, पुढे खबर नाही. वंश बुडू नये म्हणून धाकट्या भावाचा मुलगा योंगफा त्याला दत्तक दिला." मग ती थांबली. "अक्का, हे योंगफा अजून आहेत. शहाऐंशी वर्षांचे. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."

एका रविवारी व्हिडिओ कॉल लागला. लिन चिनीचं इंग्रजी करत होती, निधी इंग्रजीचं मराठी. पडद्यावरच्या म्हाताऱ्याचं कपाळ पाहून अक्का पडद्याजवळ सरकल्या. हुबेहूब बाबांचं कपाळ.

योंगफांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात वेनशानना बाबा म्हणणारं कोणी होतं का?"

"माझे वडील होते. दोन आत्या होत्या."

योंगफा म्हणाले, "मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण दर वसंतात त्यांच्या नावानं धूप लावतो. एकटा, परक्या देशात वारला माझा बाप, असंच वाटायचं. आता सख्खा मुलगा निघालाय. वंशावळ पुन्हा छापायची आहे. माझं नाव काढून तुझ्या वडिलांचं घालायला सांगू का?"

"अजिबात नाही!" अक्का एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की भाषांतराची गरजच उरली नसावी. "आमच्यात दत्तक मुलगा तो मुलगाच असतो. जागा सोडायची नाही, चिक्कप्पा." धाकट्या काकाला त्यांच्या गल्लीत असंच म्हणतात. तोच शब्द तोंडात आला.

"आणि माझ्या आजीचंही नाव घाला," त्या पुढे म्हणाल्या. "आत्यांचं आणि माझंपण."

'सकवारबाई' चिनी अक्षरांत कसं बसवायचं यावर लिन आणि तिकडची मंडळी आठवडाभर खल करत होती. अखेर चार अक्षरांत बसलं.

गेल्या महिन्यात नवी वंशावळ टपालानं आली. वेनशान यांच्याखाली दोन मुलगे आहेत. अक्कांचे बाबा सहा वर्षांनी मोठे, म्हणून ते आधी. त्या दिवशी चिक्कप्पांचा स्वतःहून व्हिडिओ कॉल आला, मधे पुन्हा लिन आणि निधी.

"ऐंशी वर्षं मी घरातला थोरला होतो," ते म्हणाले. "या वयात धाकटा झालो. फार बरं वाटतंय."

अक्का हसल्या आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, मग आता थोरल्याच्या मुलीचं ऐकायचं. कवळी सैल झालीये तुमची, बोलताना दिसते. माप पाठवा."