आत्याच्या धवल्यावर कंपनीचा हक्क

मंडळी, सकाळपासून डोकं सटकलंय.

माझी आत्या धवलारीण आहे, आगरी लग्नांत धवले गाते. काल नेरूळला हळदीत तिने गायलेला धवला मी माझ्या चॅनलवर टाकला. आज बघतो तर व्हिडिओचा आवाज बंद. खाली मेसेज, हे गाणं एका म्युझिक कंपनीच्या मालकीचं आहे.

त्या कंपनीने याच धवल्याचं डीजे रिमिक्स काढलंय. आत्याला तो तिच्या आईने शिकवला. आता माझ्याकडे हक्काचा पुरावा मागतायत. आजीने कुठे रजिस्ट्रेशन केलं होतं?

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "आयतवारी जुईनगरला लगीन हाय. कंपनीला इचारून गावं लागंल का रं?"

"नाही गं, काहीतरीच."

"मंग माजा आवाज का बंद केला?"

दुपारपासून उत्तर शोधतोय. तुमच्याकडे आहे का?