कोपऱ्यावरची पोती

नोकरीतली बरीच प्रकरणं आता विसरलो. त्या कोपऱ्यावरची पोती मात्र विसरता आली नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. तिसगावच्या पलीकडे माळावर, युद्धाच्या काळात इंग्रजांनी विमानांसाठी बांधलेली एक धावपट्टी पडून होती. विमानं गेली, आणि गावकरी त्या सिमेंटवर बाजरी वाळवू लागले. पुढे पुण्याकडच्या हौशी मंडळींची नजर तिच्यावर गेली. पट्टीची दोन्ही टोकं मुरमाच्या रस्त्याने जोडून त्यांनी तिथे मोटारसायकलच्या शर्यती सुरू केल्या. सरळ पट्टीवर गाड्या बेफाम सुटत आणि उत्तरेच्या टोकाला एकदम काटकोनात वळत. त्या वळणामागे एका जुन्या कोठाराची दगडी भिंत होती. गाडी घसरलीच तर स्वार भिंतीवर आदळू नये म्हणून तिथे गव्हाचा भुसा भरलेल्या पोत्यांची दुहेरी रांग लावत.

त्या वर्षी लोक अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडत होते. गुरं छावणीत तरी गेली होती, नाही तर खाटकाकडे. शर्यत मात्र झाली. हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरं असावं.

पुण्याचा एक तरुण त्या वळणावर घसरला, पोत्यांवर आदळला आणि जागीच गेला. मी अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा सुरू केला. पोतं सरकवायला पाय लावला, तर ते हलेना. शिवण उसवली. आत भुसा नव्हता, ठोकून भरलेला मुरूम होता. पुढच्या रांगेतली जवळजवळ सगळी पोती तशीच निघाली. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं, आणि उचलून बघितली कोणीच नव्हती.

आयोजक लगेच घातपात म्हणू लागले. स्पर्धेत चुरस होती, भांडणं होती. दुसऱ्या स्वारांचे, मेकॅनिकांचे जबाब घेतले. हाती काही लागलं नाही. मेलेल्या पोराचे वडील ठाण्याच्या बाकावर बसून असत.

मग गावचा पोलीस पाटील आला. दार लोटून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, पंचनाम्याला तुमी दुधाचा चहा प्यालात. गावात आता दुभती गाय एकच हाय."

तो चहा शर्यतीच्या राखणदाराने आणला होता. पन्नाशीचा, त्याच गावचा माणूस. पोती राखायला आयोजकांनीच त्याला ठेवलं होतं. साहेब उन्हात उभे आहेत म्हणून त्याने स्वतःच्या घरून चहा आणला, तोही दुधाचा. वैरण कुठेच नसताना त्याची गाय कशावर दूध देत होती, ते आता उमगलं. चोराला एवढी माणुसकी परवडत नाही, असं मला तोवर वाटत होतं.

त्याला बोलावलं. आवाज चढवावा लागला नाही.

"भुसा तू घेतलास?"

"व्हय साहेब, घेतला. गाय उठंना झाली हुती. घरात लेकीचं तान्हं हाय, तिला दूध न्हाई."

"मग मुरूम कशाला भरलास?"

"रिकामी पोती वाऱ्यानं उडाली असती. गाडीवाल्यांचा बांध हाय तो. म्हून चांगली घट्ट भरली, ठोकून ठोकून. आदीपेक्षा पक्की केली."

चोरी केली हे त्याला पुरतं ठाऊक होतं. माणूस कशाने मेला, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आयोजकांना मी विचारलं, पोती कशासाठी असतात हे याला सांगितलं होतं का? त्यांचा प्रमुख म्हणाला, "राखणदाराला ते कशाला सांगायचं?"

कबुलीनंतर पंचांसमोर त्याला वळणावर नेलं. मागच्या रांगेतलं भुशाचं पोतं पुढे ओढलं, शेजारी मुरमाचं ठेवलं. म्हटलं, दोन्हींवर बुक्की मार. भुशाच्या पोत्यात त्याचा हात मनगटापर्यंत रुतला. दुसऱ्या पोत्यासाठी त्याने मूठ उगारली आणि ती तशीच राहिली. बुक्की त्याने मारलीच नाही. खाली बसला.

"मऊ पायजे हुती व्हय?" एवढंच म्हणाला.

मी चोरी आणि हयगयीने मृत्यू अशी दोन कलमं लावली. कागदावर तपास चोख होता, वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला त्याचं काडीचं समाधान नव्हतं. एक पोर हकनाक गेलं होतं, आणि दुष्टपणा शोधावा तर कुठेच सापडत नव्हता. सापडला असता तर बरं वाटलं असतं. गुन्ह्यामागे वाईट माणूस असतोच, हा माझा समज त्या प्रकरणाने कायमचा काढून घेतला. एका वाक्याचं काम होतं, ते सांगण्याइतकं कोणी त्याला माणसात धरलं नाही. पण एका वाक्याचा गुन्हा कोणत्याही कलमात बसत नाही.

पाटलाने धावपळ करून त्याच्यासाठी जामीनदार आणला. मी लॉकअप उघडायला लावलं. तो जागचा हलला नाही.

"जामीन नगं, साहेब," तो म्हणाला. "घरी गेलो तर ती गाय दिसंल."